फलाटावरील कॅमेरा : हौस आणि शिस्त



धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची संस्थाने. इतिहासाने त्यांना जोडले. रेल्वेच्या बाबतीत मात्र त्यांचे भाग्य वेगळे ठरले. देवास हे इंदूर, उज्जैन आणि मक्सी या दिशांचे मार्ग एकत्र येणारे जंक्शन झाले. धारला दीर्घकाळ वाट पाहावी लागली. तेथून जाणाऱ्या इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ साली झाली. ज्या गावी रेल्वे नव्याने येते, तेथे पहिल्या गाडीच्या स्वागताला सारा गाव लोटतो आणि आज त्यातील बहुतेकांच्या हाती कॅमेरा असलेला मोबाईल असतो. त्यामुळे फलाटावर छायाचित्र कसे घ्यावे, हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

ही हौस मुळात चांगली आहे. लाला दीनदयाळ इंदूर येथे सरकारी नोकरीत असतानाच १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे जगप्रसिद्ध झाले. त्या काळी कॅमेरा तिवईवर स्थिर असे आणि समोरची माणसेही निश्चल बसत. आज टिपणाराही चालत असतो आणि समोरची गाडीही धावत असते. धोका आहे तो येथेच.

ताशी ११० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर अंतर कापते. मोबाईलच्या रुंद भिंगातून ती आहे त्यापेक्षा दूर भासते. पाहणाऱ्याला वाटते, अजून वेळ आहे; प्रत्यक्षात तो संपलेला असतो. चालकाने ब्रेक लावला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. डोक्यावरील तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो आणि तारेला स्पर्श न होताही तो माणसाला धक्का देऊ शकतो. मालगाडीच्या डब्यावर चढणे किंवा सेल्फीची काठी उंच धरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. तारेपासून किमान २ मीटर दूर राहावे, हा नियम त्यासाठीच आहे.

प्रवेशाचे नियमही समजून घेतले पाहिजेत. फलाट तिकीट २ तासांपुरते असते. ते फलाटावर थांबण्याची मुभा देते, रुळांवर उतरण्याची नव्हे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १४७ अन्वये रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा दंडनीय अपराध आहे. चित्रपट, जाहिरात अशा व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वे प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते. देवास हे पश्चिम रेल्वेच्या रतलाम विभागात मोडते. खाजगी हौसेच्या बाबतीतही शंका वाटल्यास प्रथम स्टेशन मास्तरांना विचारावे.

नियमाइतकेच महत्त्व सौजन्याला आहे. पिवळ्या पट्टीच्या आत उभे राहावे. चालकाच्या डोळ्यांवर फ्लॅशचा झोत टाकू नये, कारण त्याला पुढचा सिग्नल पाहायचा असतो. तिवई जिन्याच्या वा डब्याच्या दारासमोर मांडून हमालांची वाट अडवू नये. निजलेला प्रवासी, मुलाला पाजणारी माता, अपघातग्रस्त मनुष्य ही कोणाच्या संग्रहाची सामग्री नव्हे. माणसाचे छायाचित्र त्याच्या संमतीनेच घ्यावे. सिग्नल केबिन, विद्युत उपकेंद्र, लष्करी सामानाची गाडी यांकडे कॅमेरा वळवू नये.

कर्मचाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. कॅमेरा दिसताच संशयाने दरडावण्यापेक्षा नियम शांतपणे सांगितला, तर तोच हौशी तरुण पुढे फलाटावरील दक्ष मदतनीस ठरू शकतो. शिक्षकांनी मुलांना गाडी दाखवावयास अवश्य न्यावे. परंतु स्टेशन मास्तरांना आगाऊ कळवून आणि मुलांना रांगेत, पट्टीमागे उभे करून.

गाडी उद्याही येणार आहे. हुकलेले छायाचित्र उद्या घेता येते. रुळावर हरवलेले मूल मात्र कोणत्याही गाडीने परत येत नाही.