सायक्लोस्टाईलवर धावलेला खेळ

आज रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती टीव्हीवर दिसतात. पण 1950 च्या दशकात अमेरिकेत असा धावणारा माणूस दिसला, की लोक त्याला चक्रमच समजत. बोस्टन मॅरेथॉनलाही जेमतेम शे-दोनशे धावक असत आणि वर्तमानपत्रं फार तर विजेत्याचं नाव छापत.

न्यू जर्सीतल्या वुडबरी गावच्या ब्राउनिंग रॉसला ही गोष्ट खटकली. तो स्वतः कसलेला धावपटू. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसला सातवा आलेला. 1956 मध्ये त्यानं 'लाँग डिस्टन्स लॉग' नावाचं मासिक काढलं. कसलं मासिक! टाईप केलेली, सायक्लोस्टाईल काढलेली पानं, पोस्टानं घरोघर धाडलेली. पण त्यात शर्यतींचे निकाल तपशिलानं असत. मागून आलेल्यांचीही नावं आणि वेळा. कुठल्या तरी गावात विसावा आलेल्या माणसाला आपलं नाव छापलेलं दिसलं, की पुढच्या शर्यतीला तो येणारच.

याच मासिकातून रॉसनं धावकांची देशव्यापी संघटना काढू या, असं आवाहन केलं. इंग्लंडमध्ये तशी संस्था होतीच. फेब्रुवारी 1958 मध्ये न्यूयॉर्कला मूठभर मंडळी जमली आणि 'रोड रनर्स क्लब ऑफ अमेरिका' उभा राहिला. पुढे गुळगुळीत कागदाची मासिकं आली आणि 1975 मध्ये 'लॉग' थांबलं. रॉस मात्र धावतच राहिला. 1998 मध्ये, सकाळची धाव संपवल्यावर त्याचं निधन झालं. क्लब आजही चालू आहे.