ई साला कप नम्दे!
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



मुंबई-कर्नाटक रणजी सामना असला की आपलं मन अजूनही मुंबईकडे धावतं. पण आपली मुलं बंगळूरची. ती लाल जर्सी घालून ‘ई साला कप नम्दे’, म्हणजे ‘यंदा कप आपलाच’, असं ओरडतच मोठी झाली. २००९ चा अंतिम सामना आरसीबी ६ धावांनी हरली. २०११ मध्ये पुन्हा हार. २०१६ मध्ये तर घरच्या चिन्नास्वामी मैदानावर ८ धावांनी! २०१७ मध्ये एकदा सगळा संघ ४९ धावांत गारद झाला. तरी चाहते हटले नाहीत. बाप्पाला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणणाऱ्या आपल्याला ही निष्ठा कळायला अवघड नाही.

पहिला करंडक आणला तो मुलींनी, मार्च २०२४ मध्ये, आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली. पुरुषांचा संघ ३ जून २०२५ रोजी जिंकला, तोही ६ धावांनीच. दुसऱ्याच दिवशी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला.

मी रेल्वेतला माणूस. गर्दी जिन्याच्या तोंडाशी अडली की धोका असतो, हे आम्हाला ठाऊक असतं. यायची वाट वेगळी, जायची वेगळी आणि मागच्यांना वेळीच थांबवणारे स्वयंसेवक, एवढं तरी हवंच. अठरा हंगाम वाट पाहणारा चाहता आनंद साजरा करून सुखरूप घरी पोचला पाहिजे. आपल्या विसर्जन मिरवणुकीतही तेवढी काळजी घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!