दहा ठिपके, नऊ ठिपके



अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तर टोकाला ब्रॅडफर्ड नावाचं छोटंसं गाव आहे. खनिज तेलाच्या जोरावर वाढलेलं. झिप्पो लायटर या गावचा, आणि ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ हा चाकूंचा कारखानाही याच गावचा. 1970 साली या कारखान्यात एक बारीकसा बदल झाला. चाकूचं पातं मुठीत जिथे शिरतं, तिथल्या बिनधारेच्या भागावर कंपनीचा ठसा असतो. त्या ठशाखाली दहा ठिपके उमटायला लागले. 1971 मध्ये ते नऊ झाले, 1972 मध्ये आठ. दरसाल एक ठिपका गळत गळत 1979 च्या चाकूवर एकच उरला.

झालं होतं एवढंच, की चाकू कोणत्या साली बनला ते कळायला लागलं होतं. पण साल कळलं आणि माणसं हट्टाला पेटली. दहा ठिपक्यांचा हवा, मग नऊचा हवा, आठचा राहिला म्हणून तो हवा. आणि ज्याच्यावर ठिपकेच नाहीत तो तर हवाच हवा, कारण तो आता पुन्हा बनणार नव्हता. हार्डवेअरच्या दुकानांत फळ्यांवर लावून ठेवलेले बिनठिपक्यांचे चाकू शोधत लोक गावोगाव फिरले. जुने खिशातले चाकू जमवण्याचा नाद अमेरिकेत त्याआधीही होता, पण त्याला पंचांग मिळालं ते इथे.

आता, ‘मी चाकू जमवतो’ असं कुणी म्हटलं तर आपण दोन पावलं मागे सरकतो. आपल्या डोळ्यांसमोर रामपुरी येतो आणि हिंदी सिनेमातला खलनायक येतो. तो खटक्याचा चाकू वेगळा. त्याच्या आंतरराज्य व्यापारावर अमेरिकेनंही 1958 साली कायद्यानं बंदी घातली. मी बोलतोय तो चाकू नखानं उघडायचा. पात्यावर चंद्रकोरीसारखी खाच असते, तिच्यात नख अडकवायचं आणि पातं ओढायचं. मिटला की साडेतीन-चार इंच. सुतळी कापायला, पेन्सिलीला टोक करायला, सफरचंद सोलायला, तंबाखूच्या वडीचा तुकडा पाडायला, आणि काहीच काम नसलं तर ओसरीवर बसून लाकडाची काडी तासत राहायला. शेतकऱ्याच्या खिशात तो असे, वकिलाच्याही असे. 14 एप्रिल 1865 च्या रात्री अब्राहम लिंकनना गोळी लागली तेव्हा त्यांच्या खिशांत दोन चष्मे होते, वर्तमानपत्रांची कात्रणं होती, पाकिटात बंडखोर दक्षिणेची पाच डॉलरची नोट होती, आणि हस्तिदंती मुठीचा, चांदीनं मढवलेला एक चाकू होता. या वस्तू 1937 मध्ये त्यांच्या नातीनं लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. राष्ट्राध्यक्ष नाटकाला जाताना खिशात चाकू घेऊन गेला, यात त्या काळी कुणाला काही वावगं वाटलं नसतं.

त्या काळी अमेरिकन माणसाच्या खिशातला चांगला चाकू बहुधा इंग्लंडमधल्या शेफील्डचा असायचा. अमेरिका हे शेफील्डचं इतकं मोठं गिऱ्हाईक, की तिथल्या जॉर्ज वॉस्टनहोमनं आपल्या कारखान्याचं नाव ‘वॉशिंग्टन वर्क्स’ ठेवलं होतं. मग शेफील्डचे कारागीरच जहाजांत बसून अमेरिकेला यायला लागले. त्यांच्यातल्या काहींनी 1852 साली ‘न्यूयॉर्क नाइफ कंपनी’ काढली आणि चार वर्षांनी ती वॉल्डन नावाच्या गावात नेली. पुढे त्या एवढ्याशा गावात चाकूंचे तीन मोठे कारखाने झाले. शेफील्डच्या अमेरिकेतल्या धंद्याची कंबर मात्र मोडली ती 1890 च्या मॅकिन्ली कायद्यानं. परदेशी चाकूंवर जबर जकात बसली आणि देशी कारखान्यांना रान मोकळं झालं. पहिल्या महायुद्धानंतर तर बंदुका बनवणारे रेमिंग्टन आणि विंचेस्टरही चाकूंत उतरले, कारण युद्ध संपल्यावर यंत्रं आणि माणसं रिकामी बसली होती. रेमिंग्टनच्या काही चाकूंच्या मुठीवर काडतुसाच्या आकाराची धातूची चकती असे. 1940 साली रेमिंग्टननं हा धंदा विकला, आणि आज ते ‘बुलेट’ चाकू म्हणजे जमवणाऱ्यांच्या लेखी खानदानी दागिने आहेत.

एक चाकू जरा हातात घेऊन बघू. केसचाच घेऊ, 6318 नंबरचा. या घडणीला ‘स्टॉकमन’ म्हणतात, म्हणजे गुरं पाळणाऱ्याचा चाकू. याला तीन पाती. सगळ्यात लांब पात्याचं टोक तिरपं उतरलेलं आणि अणकुचीदार, ते सगळ्या कामांचं. दुसऱ्याची धार सरळ रेषेत आणि पाठ टोकाशी एकदम खाली उतरलेली, मेंढीच्या खुरासारखी, म्हणून त्याचं नावही तेच. दोरी कापताना हे सोयीचं. तिसरं पातं आखूड आणि टोकाला बोथट. हे गोऱ्हे खच्ची करण्यासाठी. टोक बोथट अशासाठी, की जनावर हिसडा मारतंच, आणि त्या हिसड्यात नको तिथे टोचू नये. शहरातल्या पोरांनी या तिसऱ्या पात्यानं ब्रेडला लोणी लावलं असेल, तो भाग निराळा. हीच गोष्ट ‘डॉक्टरच्या चाकू’ची. त्याच्या मुठीचं एक टोक सपाट असतं, ते औषधाची गोळी चुरायला. घोडागाडीतून खेडोपाडी फिरणारा डॉक्टर आणि त्याची गोळ्यांची पेटी त्या सपाट टोकात दिसते.

आता नंबर. 6318 मधला पहिला सहा सांगतो की मूठ खाचा पाडलेल्या हाडाची आहे. तीन म्हणजे तीन पाती. अठरा हा घडणीचा आकडा. मूठ पिवळ्या प्लॅस्टिकची असती तर हाच चाकू 3318 झाला असता. आणि आकडा पाचानं सुरू झाला, तर मूठ शिंगाची.

हे शिंग सांबराचं, आणि यायचं भारतातून. आपल्या घरोघरी आजीच्या डब्यात सहाणेवर उगाळायला ठेवलेलं जे सांबरशिंग असे, तेच. सांबराचं शिंग दरवर्षी गळतं आणि पुन्हा उगवतं. ते आतून बरंच भरीव असतं, म्हणून त्याच्या चकत्या कापून मुठीला लावता येतात. एका शिंगात एकसारख्या दोन चकत्या मिळवायच्या तर निवडून निवडून घ्याव्या लागतात, म्हणून हे चाकू महाग. ज्याला ते परवडत नव्हतं त्याच्यासाठी गाईबैलांच्या नळीच्या हाडावर यंत्रानं खाचा पाडायच्या आणि ते तपकिरी किंवा लाल रंगवायचं. साध्या अमेरिकन चाकूची ती खडबडीत मूठ शिंगाचीच नक्कल आहे. गंमत म्हणजे आज या नकलेचाही रुबाब मोठा. केसच्या जुन्या मुठींमध्ये हिरवट छटेच्या हाडाला संग्राहक जास्त पैसे मोजतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाडांचा तुटवडा पडला, तेव्हा काळ्या खडबडीत कृत्रिम मुठी आल्या. त्या त्या वेळच्या अडचणीच्या खुणा, पण आता त्याही लोक हौसेनं जमवतात. भारतानं पुढे सांबरशिंगाची निर्यात बंद केली, आणि शिंगाच्या मुठीचा जुना चाकू आणखी वर गेला.

सेल्युलॉइडची तऱ्हा याच्या उलट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पदार्थानं चाकूंच्या मुठींना रंग दिले. लाल-पांढरे पट्टे, शिंपल्याची झाक, कासवाच्या पाठीची नक्षी, जे मागाल ते. पारदर्शक मुठीखाली छोटे फोटो घातलेले चाकूही निघाले, ओहायोतल्या कँटन गावचे त्यात विशेष. पण सेल्युलॉइड बनतं नायट्रिक आम्लात बुडवलेल्या कापसापासून आणि कापरापासून. साठ-सत्तर वर्षांनी कधीतरी ते आतून सडायला लागतं. मूठ आक्रसते, तिला भेगा पडतात, आणि आम्लाची वाफ सुटते. ती वाफ आधी आपल्याच पात्याला गंज चढवते, पितळ हिरवं करते, आणि मग शेजारच्यांवर जाते. आढीतला एक आंबा नासला की शेजारचे नासतात, तसं मखमलीच्या खणात नीट मांडलेला अख्खा संग्रह एका मुठीपायी गंजतो. म्हणून जाणकार माणूस सेल्युलॉइडचे चाकू वेगळे आणि हवेशीर ठेवतो. कातडी म्यानात तर कुठलाच चाकू ठेवत नाही, कारण कमावलेल्या चामड्यात राहिलेली रसायनं पोलादाला खातात.

संग्राहकांची संख्या वाढायला एक वेगळंच निमित्त सांगतात. 1968 साली अमेरिकेत बंदुकांच्या खरेदी-विक्रीचा कायदा कडक झाला. जत्रा-बाजारांत बंदुकांची अदलाबदल करणाऱ्या हौशी मंडळींची पंचाईत झाली, आणि त्यांतले बरेच जण चाकूंकडे वळले. चाकूला ना परवाना लागे, ना नोंद. 1972 मध्ये संग्राहकांची राष्ट्रीय संघटना निघाली, टेनेसी राज्यात चॅटनूगाला चाकूंचं संग्रहालय झालं. 1985 मध्ये बर्नार्ड लेव्हाइन यांचं चाकूंच्या ओळखीचं आणि किमतींचं जाडजूड पुस्तक आलं. किमती छापून आल्या, की खोटा माल मागोमाग येतो.

चाकूतली लबाडी बहुतेक ठशात असते. एखाद्या मामुली चाकूचा ठसा घासून टाकायचा आणि त्या जागी बड्या नावाचा उठवायचा. किंवा मोडक्या अस्सल चाकूचं ठसेवालं पातं काढून धडधाकट भलत्याच चाकूत बसवायचं. मग पारखी माणूस भिंग काढतो. ठशाजवळचं पोलाद बाकीच्या पात्यापेक्षा पातळ आहे का? पाती एकाच रंगाची आहेत का? मुठीच्या पिना ठोकून काढून पुन्हा मारल्यात का? मिटताना पाठीची स्प्रिंग आवाज कसा करते? चांगला चाकू उघडताना आणि मिटताना ‘टक्’ बोलतो. ज्याचा आवाज दबलेला, त्याच्याकडे संशयानं बघायचं. ही चिंता फार जुनी आहे. 1876 च्या ‘टॉम सॉयर’मध्ये टॉमला साडेबारा सेंटांचा ‘बार्लो’ चाकू बक्षीस मिळतो, तिथे मार्क ट्वेननं चिमटा काढलाय की असल्या चाकूची नक्कल करून त्याला आणखी वाईट करता येईल, हे पोरांच्या डोक्यात आलं तरी कुठून, कोण जाणे!

या छंदाचा एक नियम मला पटत नाही, तो सांगून टाकतो. सगळ्यात जास्त किंमत कधीही न वापरलेल्या चाकूला. एकदा जरी दगडावर धार लावली तरी किंमत उतरते, आणि चांगला घासूनपुसून लख्ख केलात तर आणखी उतरते. बाजाराच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण यामुळे संग्रहांत काय उरतं बघा: फिरत्या विक्रेत्याचे नमुने, दुकानाच्या फळीवर न खपलेला माल, कुणीतरी लग्नात दिलेला आणि कपाटात राहिलेला चाकू. ज्यानं चाळीस वर्षं गुरं सांभाळली त्याचं पातं झिजून काडीएवढं झालं, आणि ते मोडीत गेलं. माझ्यापुढे दोन्ही ठेवले तर मी ते झिजलेलं पातं आधी उचलीन. कोणत्या बाजूनं जास्त झिजलंय त्यावरून मालक डावरा होता की उजवा, याचाही कधीकधी अंदाज येतो.

कारखाने एकेक करून मिटले. वॉल्डनची न्यूयॉर्क नाइफ कंपनी 1931 मध्येच गेली. एलनव्हिलचा इम्पीरियल श्रेड 2004 च्या जुलैत बंद पडला आणि दुकानात सहज मिळणारा त्याचा ‘ओल्ड टायमर’ चाकू बघता बघता संग्राहकांचा माल झाला. श्रेडचं नाव विकलं गेलं, त्या नावाचे चाकू पुढे चीनमधून यायला लागले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी चाकू बनवणारा कॅमिलस 2007 मध्ये बंद झाला. जमवणाऱ्यांच्या वहीत मात्र अशा प्रत्येक कुलपाबरोबर एक नवं पान उघडतं, कारण त्या ठशाचा चाकू आता वाढणार नसतो.

केस चालू आहे. 1993 पासून तो झिप्पोच्या मालकीचा. आणि 2006 साली पेनसिल्व्हेनियातच टायटसव्हिलला एक नवा कारखाना निघाला, ‘ग्रेट ईस्टर्न कटलरी’. हे टायटसव्हिल म्हणजे 1859 साली एडविन ड्रेकनं तेलाची विहीर खोदली ते गाव. हे लोक शंभर वर्षांपूर्वीच्या घडणी पुन्हा काढतात. पातं साध्या कार्बन स्टीलचं, सफरचंद कापलं की त्यावर डाग धरणारं, अगदी जुन्यासारखं. एका घडणीचे मोजकेच चाकू काढायचे आणि पुढच्या घडणीकडे वळायचं, असा त्यांचा रिवाज. एकेक चाकू पुठ्ठ्याच्या गोल नळीतून येतो. त्यातले कितीतरी चाकू त्या नळीतून बाहेर न पडताच एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात.