शासनाची खिडकी आणि सातबाराचा उतारा



यंत्रानें शासनाच्या खिडकीपुढील रांग हटेल काय, हा प्रश्न हल्लीं शहरांतून पुष्कळ चर्चिला जातो. मी तो बिडकीनसारख्या गांवांत बसून, आणि तोही एका कागदापुरताच, पाहणार आहें. तो कागद म्हणजे सातबाराचा उतारा. आपण शहरवासी झालां असलां तरी वडिलार्जित जमिनीचा एखादा तुकडा बहुतेकांच्या मागें असतोच.

गांवनमुना सात हा जमीन कोणाची तें सांगतो, बारा हा तींत काय पिकतें तें. पूर्वीं हा उतारा तलाठ्याच्या हातून लिहून घ्यावा लागे. एका तलाठ्याकडे गांवें अनेक. तो आज कोठें आहे हें शोधण्यांतच दिवस मावळे. आतां २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला आहे. २०२१ पासून तर पिकाची नोंदही शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून, छायाचित्रासह, मोबाइलवरून करतो. ही सुधारणा खरी आहे. तिला नांवें ठेवणाऱ्यांनीं जुनी वणवण विसरूं नये.

परंतु नक्कल देणें निराळें आणि चूक दुरुस्त करणें निराळें. एक वृद्ध शेतकरी मजकडे उतारा घेऊन आले व म्हणाले, "गुरुजी, कागद दोन मिनिटांत निघाला, पण बापाचं नांवच चुकलंय!" आमच्या मराठवाड्याचीं दप्तरें १९४८ पर्यंत निजामी राजवटींतलीं. पुढें तीं मराठींत आलीं, आणि अखेर संगणकांत शिरलीं. अशा प्रत्येक उतरवणींत एखादा काना, एखादें नांव, एखादा आकडा निसटण्यास वाव असतो. यंत्र ती चूक इमानानें व मोठ्या त्वरेनें हातीं देतें.

आणि चुकीची किंमत लहान नाहीं. वारसाची नोंद अडते, पीककर्ज अडतें. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरीसाठीं आमच्या परिसरांतील जमिनी संपादित झाल्या. अशा वेळीं नांवांतील फरकानें मोबदलाही अडकूं शकतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालीं लेखनप्रमाद दुरुस्त करतां येतो खरा, पण त्यासाठीं कोणी तरी जुनी वही उघडली पाहिजे, संबंधितांस नोटीस दिली पाहिजे, त्यांचें म्हणणें ऐकलें पाहिजे. हें काम यंत्राचें नव्हे.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें अधिसूचित सेवांच्या अर्जांस मुदत घालून दिली. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंडही ठेवला. कायदा चांगला आहे. मात्र मुदतीच्या धाकानें "कागदपत्रें अपूर्ण" असा शेरा मारून अर्ज निकालांत काढणें फार सोपें असतें. कोणता कागद अपुरा, तें मात्र लिहिलेलें नसतें! म्हणून किती अर्ज निकालीं निघाले ही गणती मला पुरेशी वाटत नाहीं. तोच मनुष्य तेंच गाऱ्हाणें घेऊन पुन्हा किती वेळां आला, हें मोजावें; संगणकास तें मुळींच अवघड नाहीं.

नकला देण्यांतून कर्मचाऱ्यांचा जो वेळ वांचला, तो कोठें गेला हेंही विचारलें पाहिजे. माझ्या मतें तो दुरुस्तीच्या कामीं लागावा. बाजाराच्या दिवशीं गांवच्या चावडींत एक जाणता माणूस जुनीं दप्तरें घेऊन बसावा, ज्यास मोबाइल चालवतां येत नाहीं त्याचा अर्ज त्यानें स्वतः लिहून घ्यावा, आणि पुढची तारीख सांगूनच त्यास घरीं पाठवावें.