ऑप्शन ओपन ठेवावा, पण कुणाच्या जिवावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘ऑप्शन ओपन ठेव’ हे वाक्य आता आमच्या सोनपेठच्या बाजारातही ऐकू येतं. बारावी झालेला मुलगा सीईटी देतो, पोलीस भरतीचा फॉर्म भरतो आणि बी.ए.ला प्रवेशही घेऊन ठेवतो. काय करतोस म्हणून विचारलं, तर सांगतो, ‘चाचा, सध्या ऑप्शन ओपन ठेवलेत.’ मी या मुलांना हसत नाही. एकाच दारापुढे बसून राहिलं आणि ते दार उघडलंच नाही तर काय होतं, हे आमच्या कोरडवाहू मुलखाला कुणी शिकवायला नको.

पण शब्दांशी खेळणं हा माझा जुना नाद. म्हणून या वाक्याला मराठीत काय म्हणतात ते शोधू लागलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, पण त्यात कौतुकाचा एकही नाही. दोन डगरींवर पाय ठेवणं, तळ्यात-मळ्यात करणं, कुंपणावर बसणं, हातचं राखून वागणं. सगळेच टोमणे! कौतुक कशाचं, तर परतीचे दोर कापण्याचं. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले आणि मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजींनी कड्यावरचे दोर कापले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मागचा पूल जाळू नकोस, असं इंग्रजी बोलणारा माणूस बजावतो. आपण मात्र दोर कापणाऱ्याचे पोवाडे गातो.

मग मराठी माणूस पर्याय राखतच नाही का? राखतो की. फक्त बोलत नाही, पेरतो. कापसात किंवा सोयाबीनमध्ये तुरीची तासं टाकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं. तूर त्यानंतरही दोन-तीन महिने रानात उभी असते. तिची मुळं खोल जातात, म्हणून पावसानं ओढ दिली तरी ती बराच काळ तग धरते. एक पीक हातचं गेलं तर दुसरं घर सावरतं. ज्वारीचंही तसंच. दाणे कमी भरले तरी जनावरांच्या वैरणीपुरता कडबा पदरात पडतो. शेतकऱ्यानं हा ‘ऑप्शन’ शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून ओपन ठेवला आहे.

मात्र यातली एक गोष्ट नीट पाहा. तुरीचं तास शेतकरी स्वतःच्या रानात टाकतो. त्या तासाची जागा त्याच्या मुख्य पिकातून जाते, बियाणं त्याच्या खिशातून येतं. पर्यायाची किंमत तो स्वतः मोजतो. सगळा फरक इथंच आहे. पर्याय माझा आणि किंमत दुसऱ्याची, असं झालं की शहाणपणाची जागा अन्याय घेतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात सोळा जिल्हे आणि दीड कोटीहून जास्त माणसं. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं, की आपण भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कुणाच्याही घटना समितीत प्रतिनिधी पाठवणार नाही. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, हैदराबादचा निर्णय झाला नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी ‘जैसे थे करार’ झाला, एक वर्षाच्या मुदतीचा. त्याचं नावच पाहा, जैसे थे. वाटाघाटी चालू राहिल्या, मसुदे येत-जात राहिले. जून १९४८ मध्ये आलेली तडजोडही निजामांनी नाकारली. आजच्या भाषेत सांगायचं, तर निजामांनी ऑप्शन ओपन ठेवले होते.

राजवाड्यात पर्याय उघडे होते, तेव्हा गावांत काय चाललं होतं? कासीम रझवीचे रझाकार खेडी लुटत, जाळत होते. घरदार सोडून माणसं संस्थानाच्या सीमेपलीकडं आसरा शोधत होती. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात होते. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी मात्र स्वतःपुरता निर्णय घेऊन टाकला होता. हैदराबादनं भारतात यावं, असं त्यांनी उघडपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

१३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामांनी शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. तो दिवस आपण दर वर्षी अभिमानानं साजरा करतो आणि करायलाच हवा. पण त्यानंतर सूडाची जी लाट आली, तिच्यात ज्यांचा राजवाड्याशी काही संबंध नव्हता असे साधे मुसलमानही मारले गेले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं मृतांचा अंदाज किमान सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्ध झाला नाही. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यानं आपल्या शेजारच्या नांदेडचं नाव घेतलं आहे.

आणि निजाम? १९५० साली ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. पर्याय त्यांचा होता. किंमत आधी गावातल्या हिंदूंनी मोजली, मग गावातल्या मुसलमानांनी. या दोघांचं दुःख वेगवेगळ्या तराजूत तोलायची आपल्याला सवय लागली आहे. मला मात्र ती एकाच न घेतलेल्या निर्णयाची दोन बिलं वाटतात.

श्रोतेहो, आपण कुणी निजाम नाही. पण छोटी छोटी संस्थानं आपल्या सगळ्यांकडं असतात. मुलगी पाहून येतो आणि ‘कळवतो’ म्हणतो. मग आणखी दोन ठिकाणं पाहतो. इकडं मुलीचा बाप दुसऱ्या स्थळाला होही म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. दुकानदार कामावर ठेवायच्या पोराला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं सांगतो आणि ते पोरगं पुण्याची गाडी चुकवतं. आपल्याला वाटतं, आपण फक्त आपलं दार उघडं ठेवलं. पण त्याच वेळी दुसऱ्याचं दार आपण बाहेरून ओढून धरलेलं असतं.

आमच्या घरच्या दखनीत ‘देखिंगे’ म्हणतात. पुष्कळदा त्याला ‘इन्शाअल्लाह’ची जोड मिळते. या शब्दाचा अर्थ मोठा आहे. मी ठरवलं आहे, माझ्याकडून कसूर होणार नाही, पुढं अल्लाहची मर्जी. ठरवण्यातून सुटका करून घेण्यासाठी हा शब्द नाही. तसा तो वापरला, की आपली टाळाटाळ आपण अल्लाहच्या नावावर टाकतो. ‘देवाच्या मनात असेल तर’ असं म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

म्हणून मुलांनो, फॉर्म चार भरा, सहा भरा. तुमची फी, तुमचा अभ्यास, तुमची तासं. पण तुमच्या पर्यायात दुसरा माणूस अडकला असेल, तर त्याला तारीख सांगा. ती तारीख पाळा. नाही म्हणायचं असेल तर वेळेत नाही म्हणा. वेळेत मिळालेला नकार माणसाला मोकळं करतो.

शेतकऱ्याला हे बरोबर कळतं. कापूस की सोयाबीन, याचा विचार तो सगळा उन्हाळा करतो. पण मृगाचा पाऊस पडून रानात वाफसा आला, की तिफण चालवावीच लागते. वाफसा काही कुणासाठी थांबत नाही.