शेवटच्या प्रश्नाची उत्तरे



या व्याख्यानमालेत कालपर्यंत ज्या विद्वान मंडळींची व्याख्याने झाली, त्यांच्या पाठोपाठ युनियनच्या माणसाला उभे करण्यात चालकांनी धाडसच केले आहे. मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. परंतु मी आज बोलणार आहे तो विद्यार्थ्यांनी केलेल्या एका पाहणीविषयी, आणि त्यातही तिच्या फक्त शेवटच्या प्रश्नाविषयी.

पाहणीचा फॉर्म आपण सर्वांनी पाहिला आहे. वय किती, शिक्षण किती, नोकरी कायम की कंत्राटी, अशा प्रश्नांपुढे चौकटी असतात. त्यांत खूण करावयाची. अगदी शेवटी एक प्रश्न असतो, त्याला चौकटी नसतात. 'आपणांस आणखी काय सांगावेसे वाटते?' आणि खाली चार रिकाम्या रेघा. चौकटीत खूण करणारा माणूस दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तरांतून एक निवडीत असतो. त्या चार रेघांवर मात्र तो स्वतः बोलतो. पाहणी करणाराची खरी अडचण तेथेच सुरू होते. खुणा मोजता येतात. बोलणे कसे मोजावयाचे?

गेल्या वर्षी आमच्या औद्योगिक वसाहतीत एका महाविद्यालयाचे विद्यार्थी आले. कारखाना कोणता, महाविद्यालय कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. मोटारीचे सुटे भाग होतात. तपासणी आणि पॅकिंगच्या खात्यांत बहुतेक बायका, आणि त्यांतल्या बहुतेक ठेकेदाराकडच्या. विद्यार्थ्यांचा शेवटचा प्रश्न चांगला होता: 'कामाच्या ठिकाणची एक गोष्ट बदलता आली, तर तुम्ही कोणती बदलाल?' दीडदोनशे बायकांनी उत्तरे लिहिली. मला त्या मुलांनी विचारले होते, की काय येईल असे तुम्हांला वाटते? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, 'पगार. दुसरे काय येणार?'

दोन महिन्यांनी त्यांनी एक रंगीत चित्र तयार केले. त्याला ते वर्ड क्लाउड म्हणतात. आपण शब्दांचा ढग म्हणू. नियम सोपा आहे. उत्तरांत जो शब्द अधिक वेळा आला तो मोठ्या अक्षरांत, कमी वेळा आला तो बारीक. त्या ढगाच्या मध्यभागी वीतभर अक्षरांत शब्द होता 'चांगले'. त्याच्या बाजूला 'त्रास', 'सुपरवायझर', 'सुट्टी', आणि 'पगार' कोठेतरी कोपऱ्यात. चित्र प्रथम गेले व्यवस्थापनाकडे. पुढच्या बैठकीत ते भिंतीवर झळकले, आणि समोरचे गृहस्थ हसून मला म्हणाले, 'पाहा, तुमच्याच बायकांनी लिहिले आहे.' मी उत्तर दिले, की तुमची पाहणीच खोटी आहे. तीही शहाणपणाची गोष्ट नव्हती. मी एकही उत्तर वाचलेले नव्हते, त्यांनीही नव्हते. दोघेही एका चित्रावरून भांडत होतो.

'चांगले' आणि 'त्रास' हे दोन्ही शब्द एकाच ढगात मोठे कसे, हा प्रश्न पडला तो त्या विद्यार्थ्यांतल्याच एका मुलीला. ती सारी उत्तरे घेऊन माझ्याकडे आली. फॉर्मवर नावे नव्हतीच. पण हस्ताक्षरावरूनही कोणी ओळखू नये म्हणून तिने उत्तरे टाइप करून आणली होती. हे तिला कोणी शिकविले ठाऊक नाही, पण शाबासकी देण्याजोगी गोष्ट आहे. आम्ही दोघे युनियनच्या कचेरीत तीन संध्याकाळी वाचीत बसलो.

तेव्हा यंत्राची मौज कळली. शब्द मोजण्यापूर्वी संगणकाला बिनमहत्त्वाच्या शब्दांची एक यादी देतात: आणि, पण, तर, आहे, होते. हे शब्द गाळून उरलेले मोजावयाचे. त्या यादीत 'नाही' हाही शब्द होता! 'सुपरवायझरचा त्रास नाही' असे बाईने लिहिले. यंत्राने 'नाही' गाळला आणि त्रास जमा केला. 'आजारपणाची सुट्टी नाही' असे दुसरीने लिहिले. यंत्राच्या हिशेबी तिला सुट्टी मिळाली. श्रोतेहो, आमची तर सारी हयात 'नाही' या एका शब्दावर गेली आहे, आणि तोच बिनमहत्त्वाचा!

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. पगार, पगारात, पगाराला, पगारावर ही आपल्या लेखी एकाच शब्दाची रूपे; यंत्राच्या लेखी चार निराळे शब्द. म्हणून 'पगार' चार ठिकाणी वाटला जाऊन बारीक झाला. मग यावर उपाय म्हणून प्रत्यय तोडण्याचा नियम घालतात. त्याचीही गंमत ऐका. धुळीच्या खात्यातल्या बायकांनी लिहिले होते, 'नाकाला रुमाल बांधावा लागतो.' नियमाप्रमाणे 'ला' तोडला, उरले 'नाका'. झाले! तोंडावर रुमाल बांधलेल्या बायका यंत्राने नेऊन रिक्षा-स्टँडच्या नाक्यावर उभ्या केल्या.

परंतु 'चांगले' या शब्दात यंत्राचा काहीच दोष नव्हता. तो खरोखरच पुष्कळ बायकांनी लिहिला होता. 'सगळे चांगले आहे', 'चांगले आहे काही बदल नको'. का लिहिला? भरलेले फॉर्म गोळा केले होते सुपरवायझरने. विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, त्यांनी सोय पाहिली. आता यंत्रे नुसते शब्द मोजीत नाहीत. सबंध उत्तरे वाचून ती सारखी-सारखी निवडून त्यांचे गट पाडतात, आणि ते पुष्कळदा ठीकही पडतात. पण फॉर्म लिहिताना पाठीमागे कोण उभे होते हे उत्तराच्या कागदावर लिहिलेले नसते. ते यंत्र कसे वाचणार?

आणि आता मुख्य गोष्ट. त्या गठ्ठ्यात अशीही उत्तरे होती: 'गाडी नाक्यावर सोडते, पुढे अंधार.' 'घरी पोचेपर्यंत जिवात जीव नसतो.' 'कुत्री मागे लागतात.' 'दुसरी पाळी नको.' 'एक बॅटरी मिळाली तरी चालेल.' 'मुलगा घ्यायला येतो, त्याची दहावी आहे.' यांतला कोणताही शब्द ढगात दिसत नव्हता, कारण प्रत्येकीचा शब्द निराळा. पण सांगणे एकच होते. दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीची गाडी बायकांना हमरस्त्याच्या नाक्यावर उतरविते, आणि तेथून वस्तीपर्यंतचा रस्ता त्या अंधारातून पायी तुडवितात. शिष्टाचाराचे वाक्य सगळ्या सारखे लिहितात, म्हणून ते फुगते. भीती प्रत्येकजण आपापल्या शब्दांत सांगते, म्हणून ती विरून जाते.

मी त्या कारखान्यात सात वर्षे युनियनचे काम केले आहे. आमच्या मागणीपत्रात हा रस्ता कधी आला नाही. द्वारसभेत कोणी बोललेच नाही, असे मी त्या मुलीला म्हणालो. ती म्हणाली, 'काका, तुमची द्वारसभा पाळी सुटल्यावर असते. त्या वेळी त्या गाडी पकडायला धावत असतील.'

मग मुलांनी काम पुन्हा हाताने केले. त्याची रीत सांगतो. प्रथम सर्व उत्तरे वाचावयाची; खाने आधी करावयाचे नाहीत, उत्तरांतूनच निघू द्यावयाचे. प्रत्येक खान्यात काय बसते आणि काय बसत नाही, हे लिहून ठेवावयाचे. नंतर दोन जणांनी एकमेकांना न दाखविता प्रत्येक उत्तराला खाना द्यावयाचा आणि शेवटी ताडून पाहावयाचे. पण नुसते किती जुळले हे सांगून भागत नाही, कारण दोन माणसे डोळे मिटून शिक्के मारीत बसली तरी काही शिक्के जुळतीलच. असे योगायोगाने जुळणारे वजा घालून खरा मेळ किती हे काढण्याचे माप जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली दिले. त्याला कप्पा म्हणतात. मुलांनी ते काढले. मला त्याहून मोलाचे वाटले ते त्यांचे भांडण. दहावीतल्या मुलाचे उत्तर एकाने 'कुटुंब' या खान्यात टाकले, दुसरीने 'रस्ता' या खान्यात. तासभर वाद झाला. शेवटी एका उत्तराला दोन खाने देण्याची मोकळीक असावी असे ठरले. त्या बाईच्या एका वाक्यात दोन्ही होतेच की.

हा झगडा जुना आहे. कार्ल मार्क्सने १८८० साली फ्रान्समधल्या कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली होती. उत्तरे फारच थोडी आली. दिवसभर राबलेल्या माणसाला शंभर प्रश्न विचारल्यावर दुसरे काय होणार? पण मला जवळचा वाटतो तो अडोल्फ लेव्हेनस्टाइन. बर्लिनचा हा कामगार, शाळेबाहेर शिकलेला. १९०७ ते १९११ या काळात त्याने खाण, कापड आणि धातू या धंद्यांतल्या जर्मन कामगारांना ८,००० प्रश्नपत्रिका पाठविल्या आणि सुमारे ५,२०० परत मिळविल्या. त्याचे प्रश्न पाहा: काम करताना तुम्ही कसला विचार करता? रानात जाता का, आणि तेथे जमिनीवर पडून राहिल्यावर, सभोवती शांतता असताना, मनात काय येते? असा प्रश्न कामगाराला कामगारच विचारू जाणे. मॅक्स वेबर या नामवंत समाजशास्त्रज्ञाने १९०९ साली या सामग्रीविषयी लेख लिहिला आणि ती पद्धतशीर मोजली पाहिजे असा आग्रह धरला. लेव्हेनस्टाइनचे पुस्तक १९१२ साली निघाले. त्यात कामगारांचे शब्द आहेत आणि तक्तेही आहेत. पण त्याने माणसांचेच चार वर्ग पाडले, बुद्धीने वरचे, चिंतनशील, अर्धवट शिकून बिघडलेले, आणि उरलेला सारा 'समूह'. येथे मात्र माझे त्याचे पटत नाही. उत्तराला खाना द्यावा. माणसाला देऊ नये. स्वतः शिकलेल्या माणसाला न शिकलेल्यांविषयी थोडी तुच्छता वाटू लागते, हा दोष मी जवळून पाहिला आहे.

मुलांनी दुसरे चित्र काढले ते अगदी साधे. आडव्या पट्ट्या, जितकी उत्तरे तितकी पट्टी लांब. प्रत्येक पट्टीखाली त्या खान्यातली दोन उत्तरे, बाईने लिहिली तशीच, 'नाही'सकट. 'चांगले'ची पट्टीही होती, लांबच होती. तिच्याखाली त्यांनी छापले, 'हे फॉर्म सुपरवायझरने गोळा केले होते.' रस्त्याची पट्टी पगाराच्या पट्टीहून लांब निघाली, हे मला येथे कबूल केले पाहिजे. हे चित्र प्रथम दाखविले ते बायकांना, जेवणाच्या सुट्टीत. एकीने बोट ठेवून सांगितले, की हे वाक्य माझे, पण मी 'कुत्री' लिहिले ते खऱ्या कुत्र्यांना उद्देशून नव्हते. कोणी हसले नाही. मुलांनी तेथल्या तेथे खाना बदलला.

रस्ता मागणीपत्रात गेला. बैठकीत त्या गृहस्थांनी पट्ट्यांकडे पाहिले नाही. त्यांनी खालची वाक्ये वाचली, सावकाश, दोनदा. गाडी आता नाक्याच्या पुढे वस्तीच्या कमानीपर्यंत येते. दिवे लागलेले नाहीत. खांब कोणाचे यावर दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार चालू आहे. आजारपणाची सुट्टी तशीच लोंबकळत आहे.

या जूनमध्ये विद्यार्थ्यांची नवी तुकडी येणार आहे. फॉर्म सुपरवायझरच्या हातात द्यावयाचे नाहीत एवढे ठरले आहे. मग ते युनियनच्या कचेरीत जमा करावे, असे मी सुचविले. ती मुलगी म्हणाली, 'तुमच्याही नको, काका.' खिळा ठोकून बंद केलेली एक पेटी तयार करावयास आम्ही सुताराला सांगितली आहे.