आधी नकाशा, मग गोष्ट

लेखकानं गोष्ट लिहायची आणि मग ती चित्रकाराकडे जायची, हा आपल्या दिवाळी अंकांचा नेहमीचा रिवाज. ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचं गाडं मात्र उलट्या दिशेनं निघालं.

१८८१ सालचा उन्हाळा. स्कॉटलंडमधलं ब्रेमार गाव, बाहेर पावसाची रिपरिप. घरात अडकलेला तिचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन सावत्र मुलाबरोबर रंगपेटी घेऊन बसला आणि त्यानं एका बेटाचा नकाशा काढला. खाड्या, टेकड्या, झाडी. कागदाकडे बघता बघता त्या झाडीतून माणसं डोकावू लागली, असं त्यानंच पुढे सांगितलंय. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं झाली! वडीलही सामील झाले. गोष्टीतल्या खलाशाच्या पेटीत काय काय असेल, याची यादी त्यांनी करून दिली. ते दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, म्हणजे यादी नेटकीच असणार.

नकाशा नुसता गोष्ट सुचण्यापुरता नसतो. जहाज कुठे नांगरलं, टेकडीवरून काय दिसतं, हे लेखकाला पानोपानी ताडून बघता येतं.

खरी गंमत पुढेच. पुस्तक निघायच्या वेळी, प्रकाशकाकडे धाडलेला मूळ नकाशाच गहाळ झाला. मग स्टीव्हन्सननं स्वतःचीच कादंबरी चाळून, एकेक उल्लेख टिपून, वडिलांच्या कचेरीत नवा नकाशा बेतला. वडिलांनी त्यावर कादंबरीतल्या कॅप्टन फ्लिंटची खोटी सहीसुद्धा ठोकून दिली! १८८३ साली पुस्तक आलं ते या नकाशासह. स्टीव्हन्सनचं मन मात्र त्यात कधी रमलं नाही. त्याच्या लेखी खरं बेट हरवलं ते हरवलंच.